माझा स्टार्ट आणि ट्रंक बोर्डावरची आई

शंभर मीटरच्या शर्यतीतले शेवटचे नव्वद मीटर मी झकास पळायचे. घोटाळा पहिल्या दहात होता. बंदूक वाजली की बाकीच्या सात मुली निघून जायच्या आणि मग मी निघायचे. मधला वेळ म्हटलं तर पापणी लवण्याएवढा, पण शंभर मीटरमध्ये तेवढ्यात एखादीनं घरी जाऊन यावं. मग मी मागून एकेकीला गाठत आठवीची सहावी, सहावीची पाचवी व्हायचे, आणि नेमकी रंगात आले की पुढे पळायला जमीनच उरलेली नसायची. घरी येऊन मी सांगायचे, “अजून वीस मीटर असते ना, तर पहिली आले असते.” बाबा शांतपणे म्हणायचे, “मग एकशेवीसमध्ये नाव दे ना.”

नव्वदीच्या दशकाचा मधला काळ होता आणि मी अकरावीत होते. आम्ही विश्रांतवाडीला राहायचो. बाबा कारखान्यात, आई टेलिफोन खात्यात. रोज सकाळी पहिल्या बसनं मी शहरातल्या एका मैदानावर जायचे, तिथं दीड तास पळायचे आणि मग तशीच घामट कॉलेजात जाऊन शेवटच्या बाकावर डुलक्या घ्यायचे.

मैदानावर आम्हाला शिकवणारे सर सदाशिव पेठेतल्या एका शाळेतून निवृत्त झालेले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरी टोपी आणि स्कूटरही पांढरी. ते आम्हा मुलींना ‘आपण’ म्हणायचे. ज्यानं पुण्यात थोडे दिवस काढलेत त्याला हे सांगायला नको, की ह्या ‘आपण’चा आदराशी काही संबंध असेलच असं नाही.

“आपण बंदूक वाजवणाऱ्याचे आभार मानून मग निघता का?” हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात विचारलं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना माझा दुसरा दोष सापडला. ब्लॉकमधून निघताना धावपटूनं पुढे झेपावायचं असतं, अंग खाली ठेवून, हळूहळू सरळ होत. मी पहिल्याच पावलाला ताडकन उभी राहायचे आणि मग पळायला लागायचे. सर लांबून ओरडले, “वर्गात गुरुजी आलेले नाहीत! उभं राहू नका!”

ब्लॉक म्हणजे एक लोखंडी पट्टी, तिच्यावर मागेपुढे सरकवता येणारे दोन तिरके ठोकळे. मातीच्या ट्रॅकवर ती खिळे ठोकून बसवायची. ठोकळ्यांवर पाय रोवायचे, बोटं रेघेमागे टेकवायची, ‘सेट’ म्हटलं की कंबर वर उचलायची आणि आवाज झाला की ठोकळ्यांना ढकलून निघायचं. कोणता ठोकळा रेघेपासून किती लांब ठेवायचा ह्याचं ज्याचं त्याचं माप असतं. माझं माप मी एका मैत्रिणीचं उचललं होतं, कारण ती नेहमी पहिली निघायची. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच होती, हे मी विचारात घेतलं नव्हतं. तिच्या मापात मी वाळत घातलेल्या चादरीसारखी ताणून पडायचे.

शेवटी सरांनी फर्मान काढलं. “आपल्या घरी कुणाला टाळी वाजवता येते का? येत असेल तर रोज पन्नास वेळा वाजवायला सांगा आणि प्रत्येक टाळीला निघा. बाकीचं नंतर बघू.”

मी आधी बाबांना सांगितलं. बाबा फार सज्जन माणूस. मी घराबाहेर ओणवी झाले, ते मागे उभे राहिले. बराच वेळ झाला. मग त्यांनी हळूच विचारलं, “वाजवू का?”

“बाबा, विचारायचं नसतं!”

“तसं नाही, तू तयार नसशील तर उगाच.”

बाबा मूळचे नागपूरकडचे. शेजारच्यांनी “काय चाललंय?” म्हटलं की ते अभिमानानं सांगायचे, “पोरगी पळणं शिकून राहिली.” पण त्यांची टाळी कधीही अचानक वाजली नाही. ती पूर्वसूचना देऊन यायची, मग घसा खाकरला जायचा आणि मग वाजायची. तीन दिवसांत माझा स्टार्ट होता त्याहून वाईट झाला, कारण मी खाकरण्यालाच निघायला लागले.

चौथ्या दिवशी आई स्वयंपाकघरातून पातेल्याचं झाकण आणि उलथनं घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “तुम्ही आत जा. भाजीकडे बघा.”

आई ट्रंक ऑपरेटर होती. ते काय असतं हे आता सांगावं लागतं. परगावी फोन करायचा असला की लोक एक्स्चेंजमध्ये नंबर नोंदवायचे. तिथं कानाला हेडफोन लावून, दिव्यांच्या आणि भोकांच्या उभ्या बोर्डासमोर बायका बसलेल्या असायच्या. दिवा लागला की एका हातानं चिठ्ठी लिहायची, दुसऱ्या हातानं दोरी ह्या भोकातून त्या भोकात खुपसायची, की पुणं आणि अकोला एकमेकांशी बोलायला लागायचे. ऑर्डिनरी कॉल लागेल तेव्हा लागायचा, अर्जंट त्याच्या आधी, आणि लाइटनिंग म्हणजे सगळ्यांना बाजूला सारून ताबडतोब. वीस वर्षं हे केल्यामुळे आईच्या हातांना वेगळंच वळण लागलं होतं. आमच्या घरात काचेचा ग्लास फुटत नसे, कारण तो जमिनीपर्यंत पोचतच नसे. दूध उतू जायच्या आत गॅस बंद व्हायचा, तोही तिची पाठ गॅसकडे असताना. चालायची मात्र ती इतकी सावकाश, की तिच्याबरोबर बाजारात जायचं म्हटलं की माझे पाय दुखायचे.

आणि त्या काळात ह्या हातांना काम उरलं नव्हतं. आळंदी रस्त्यानं जिकडेतिकडे पिवळे एसटीडी बूथ झाले होते. किराणा दुकानाच्या कोपऱ्यात, झेरॉक्सवाल्याकडे, एक तर सलूनमध्ये. लोक स्वतःच नंबर फिरवायचे आणि काचेच्या खोपटात उभं राहून मीटरकडे बघत भराभर बोलायचे. आईच्या बोर्डावर दिवे लागायचे कमी झाले. पूर्वी शेजारणीकडे मान वळवायला फुरसत नसायची, आता आठ जणी मिळून स्वेटर विणायच्या. त्या एका हिवाळ्यात आईनं मला दोन, बाबांना एक आणि ज्याला कधीच थंडी वाजत नाही अशा माझ्या मामाला एक स्वेटर विणला. ती ह्याबद्दल कुरकुरत नसे. पण घरी आल्यावर उगाचच डबे लावत बसायची, लावलेले काढून परत लावायची.

तर झाकण आणि उलथनं घेऊन ती आली. घरासमोर जागा कमी पडते म्हणून आम्ही वस्तीतल्या विहारापुढच्या फरशीवर गेलो. सकाळची वंदना आटोपून दोन-तीन म्हातारे तिथं पायरीवर बसलेले असायचे. आईला ‘ऑन युवर मार्क्स’ वगैरे काही माहीत नव्हतं. मी फरशीच्या रेघेमागे बसले तशी ती तिच्या नेहमीच्या, ऑफिसातल्या गोड आवाजात म्हणाली, “नंबर प्लीज.”

“आई!”

“तुला जागेवर बसायचं आहे ना? बसलीस ना? मग झालं. आता कंबर वर. होल्ड करा.”

आणि मग काहीच नाही. एक क्षण, दोन क्षण, तीन. मी मान तिरकी करून बघायला गेले, आणि खण्णकन झाकण वाजलं. मी दचकून जागच्या जागी बसले. पायरीवरचे एक आजोबा म्हणाले, “पोरीला घाबरवताय कशाला बाई?”

“घाबरवत नाही काका, निघायला शिकवते आहे.”

पुढच्या वेळी झाकण लगेच वाजलं. त्याच्या पुढच्या वेळी इतक्या उशिरा, की माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. आईच्या आवाजाला काही वेळापत्रक नव्हतं. फोनलाही नसतं, असं ती म्हणाली. दहा-बारा वेळा झाल्यावर ती झाकण बगलेत धरून माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“तू निघतेस ती ऑर्डिनरी कॉलसारखी. लागेल तेव्हा लागेल.”

“मग काय करू?”

“तू ऐकतेस. ऐकल्यावर ठरवतेस. मग निघतेस. असं नाही करायचं. बोर्डावर दोरी आधीच हातात धरलेली असते. दिवा लागला की हात जातो. मी त्याच्या मागून जाते.”

हे मला कळलं असं मी म्हटलं, पण कळलं नव्हतं. कळायला महिना लागला. रोज पन्नास वेळा खण्णकन. वस्तीतल्या कुत्र्यांना माझ्या आधी कळलं. ती ‘होल्ड करा’ म्हटल्यावरच पळून जायची. महिन्याभरानं एके सकाळी मी फरशीच्या पलीकडे मातीत पोचले होते आणि मग माझ्या लक्षात आलं, की झाकण वाजलं होतं.  आईनं फक्त उलथनं दुसऱ्या हातात घेतलं.

तरी मैदानावर मी शेवटचीच निघत होते. घरी सुटल्यासारखी निघायचे आणि सरांच्या शिट्टीला परत सगळ्यांच्या मागे. हे ऐकून आई एका शनिवारी, तिच्या सुटीच्या दिवशी, मैदानावर आली. कडेला एक दगडी रूळ पडलेला होता, त्यावर रुमाल अंथरून बसली आणि अर्धा तास नुसती बघत राहिली. मग सावकाश चालत सरांपाशी गेली. मी जवळच ब्लॉकचे खिळे ठोकत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“सर, एक विचारू का?”

“विचारा. पालक विचारायलाच येतात.”

“आपण शिट्टी वाजवायच्या आधी श्वास घेता.”

सरांनी टोपी नीट केली. “बाई, श्वास मी शिट्टी नसतानाही घेतो.”

“हो, पण तेव्हा खांदे वर जात नाहीत.”

सरांचा हात शिट्टीकडे गेला. आई शांतपणे म्हणाली, “त्या चौघी डोळ्यांच्या कोपऱ्यातून आपल्याकडे बघतात. आपले खांदे वर गेले की निघतात. ही शिट्टीला निघते. ही उशिरा आहेच, नाही असं नाही. पण दिसते तेवढी नाही.”

माझ्या हातातला हातोडा तसाच राहिला. सरांनी आईकडे पाहिलं, मग त्या चौघींकडे, आणि चौघी एकदम बुटांच्या नाड्या बांधायला वाकल्या. सर स्कूटरच्या डिकीकडे गेले आणि शाळेतल्या खेळांत वाजवतात त्या बिजागरीच्या लाकडी फळ्या घेऊन आले. आमच्या पाठीमागे, बरेच लांब उभे राहिले. “ऑन युवर मार्क्स. सेट.”

त्या दिवशी दोघी जणी सेटमध्ये थांबून थांबून तोंडावर पडल्या. एक जण फळ्या वाजल्यावर मागे वळून बघत होती. आणि मी, काय झालं ते कळायच्या आत, पाच पावलं पुढे होते.

माझ्या त्या उंच मैत्रिणीनं आठवडाभर मला पाणी दिलं नाही. “तुझ्या आईला कशाला आणलंस?” एवढंच म्हणाली. सरांनी निघताना आईला सांगितलं, “पुढच्या शनिवारी यायचं असेल तर सव्वासहाला या. साडेसहाला उशीर होतो.” आई बसमध्ये म्हणाली, “रागावले वाटतं.” मी तिला समजावलं, की सदाशिव पेठेत ह्याला आग्रहाचं आमंत्रण म्हणतात.

तेव्हापासून माझ्या स्टार्टला दोघे जण लागले. सरांना शास्त्र माहीत होतं आणि आईला मी माहीत होते. सरांनी माझं उसनं माप मोडीत काढलं. पुढचा ठोकळा रेघेपासून माझ्या स्वतःच्या दोन पावलांवर, मागचा तीनवर. मग प्रश्न आला, कोणता पाय पुढे ठेवायचा. ह्याची एक जुनी परीक्षा असते. मुलगी बेसावध उभी असताना मागून हलकेच ढकलायचं. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो तो मागच्या ठोकळ्यावर ठेवायचा, कारण तो आधी उचलला जाणार असतो. पण मुलींना ढकलणं सरांना प्रशस्त वाटेना. ते म्हणाले, “हे पालकांनी घरी करावं.”

आईनं ते फारच मनावर घेतलं. पहिल्यांदा मी दारात रांगोळी बघत उभी होते तेव्हा ढकललं. दुसऱ्यांदा बसस्टॉपवर, आणि मी पुढच्या गृहस्थांच्या पिशवीत जवळजवळ शिरलेच. तिसऱ्यांदा मी कणीक भिजवायला पीठ घेऊन चालले होते. ते पीठ पुढे दोन दिवस कोपऱ्यांतून निघत होतं. पण तिन्ही वेळा उजवा पाय पुढे पडला होता, आणि मी आजवर उजवाच पुढच्या ठोकळ्यावर ठेवत आले होते. “दीड वर्षं ही पोरगी उलटी बसली होती,” असं आईनं सरांना सांगितलं, आणि सर पहिल्यांदाच हसले. म्हणजे त्यांची टोपी थोडी हलली.

राहिलं ते ताडकन उभं राहणं. सरांनी शंभरदा सांगून झालं होतं, खाली बघा, ढकला, पाऊल आखूड, हात जोरात. मला सगळं पाठ होतं आणि निघाले की सगळं विसरत होते. एका शनिवारी आईनं माझी ओढणी मागितली. रेघेपासून तीन-चार पावलांवर, साधारण माझ्या नाकाच्या उंचीला, तिनं ओढणीचं एक टोक धरलं आणि दुसरं सरांच्या हातात दिलं. “हिच्या खालून जायचं. उभी राहिलीस तर तोंडावर बसेल.”

सरांनी ते टोक असं धरलं होतं, जणू कुणाच्या लग्नात अंतरपाट धरायला लावलाय. फळ्या उंच मैत्रिणीनं वाजवल्या. मी निघाले, सवयीनं उभी राहिले, ओढणी सरळ तोंडावर आली, आणि मला पुढचं काही दिसेना म्हणून मी थांबण्याऐवजी जोरात पळाले. आईनं टोक तत्काळ सोडलं. सरांनी सोडलं नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झालेले आमचे सर माझ्यामागून दहा-बारा पावलं पळाले, टोपी ट्रॅकवर राहिली, आणि शेवटी थांबल्यावर धापा टाकत म्हणाले, “आता तरी खाली राहायला शिका. माझं वय बघा.”

आठव्या की नवव्या वेळी मी खालून गेले. वर कापड फडफडलं, केसांना जरासं लागलं, आणि माझे पाय मागे काहीतरी ढकलत होते, अंगाला पडायचं होतं आणि पाय पडू देत नव्हते. ह्यालाच ते ‘स्टार्ट’ म्हणत होते तर, असं मला वाटलं. इतके दिवस मी फक्त उठून चालायला लागत होते.

त्याच दिवशी मुलींनी आईला घेरलं. “काकू, तुम्ही करून दाखवा ना.” आई नको नको म्हणाली. सरांनी लांबून टोला हाणला, “हातांचा वेग ऐकून आहे. पायांचं काही कळलेलं नाही.” मग मात्र आईनं पर्स दगडी रुळावर ठेवली, चपला काढल्या, पदर कमरेला घट्ट खोचला, आणि निऱ्या सावरत चक्क ब्लॉकमध्ये बसली. पंचेचाळीस वर्षांची बाई, गळ्यात सुटीच्या दिवशीही खात्याचं ओळखपत्र. शेजारी आम्ही तिघी. सर मागे गेले. सेट म्हटल्यावर त्यांनी मुद्दाम फार वेळ घेतला. फळ्या वाजल्या तेव्हा पहिलं पाऊल आईचं पडलं. आमच्या तिघींच्या आधी, स्वच्छ, सगळ्यांना दिसेल असं.

तीन पावलं टाकून ती थांबली आणि पदर सोडायला लागली. आम्ही पुढे निघून गेलो होतो ते परत आलो. “काकू, थांबलात का?”

“माझं काम जोडून द्यायचं,” आई म्हणाली. “पुढचं तुमचं तुम्ही बोला.”

त्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला आईला रजा मिळाली नाही. बोर्ड बंद होणार अशी बातमी खात्यात फिरत होती आणि कोणाची बदली कुठे ह्याच्या याद्या चालल्या होत्या. त्यामुळे सर एकटेच होते. प्राथमिक फेरीत बंदूक वाजली आणि मी निघाले. दहा मीटर खाली बघून, मग हळूहळू मान वर. आणि माझ्यापुढे कोणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढे कोणाचीही पाठ दिसत नव्हती, नुसता ट्रॅक आणि लांब दोरी धरून उभ्या दोन बाया. मला वाटलं बहुतेक कोणीतरी आधी सुटली म्हणून बंदूक परत वाजलीय, सगळ्या थांबल्यात आणि मी एकटीच पळतेय. म्हणून साठ मीटरला मी वळून पाहिलं. तेवढ्यात दोघी बाजूनं गेल्या.

तिसऱ्या क्रमांकावर कशीबशी अंतिम फेरीत शिरले. सर पाण्याची बाटली देत म्हणाले, “आपण कुणाला शोधत होता? हरवलंय का कोणी?”

“सर, पुढे कोणी नव्हतं.”

“तशी पद्धत असते पहिलं येण्याची,” ते म्हणाले. “सवय होईल.” मग काय वाटलं कोण जाणे, एकदम ‘तू’वर आले. “बघू नकोस मागे. मी बघतो मागे. तू जा.”

अंतिम फेरीत शेजारच्या लेनमधली मुलगी आधीच सुटली. तेव्हा पहिली चूक माफ असायची. आम्ही सगळ्या परत फिरलो, परत ओणव्या झालो. अशा वेळी दुसऱ्या खेपेला सगळ्या बिचकून बसतात, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला तर विहारापुढे रोज पन्नास वेळा परत फिरायची सवय. बंदूक वाजली आणि मी गेले. ऐंशी मीटरपर्यंत मी पहिली होते. मग एक बारीकशी, वेण्या घातलेली मुलगी माझ्या बाजूनं अशी निघून गेली, की मला तिचा राग यायलाही वेळ मिळाला नाही. मी दुसरी आले. गंमत म्हणजे, सर नंतर म्हणाले, ती मुलगी ब्लॉकमधून शेवटची निघाली होती. मला तिला सांगावंसं वाटत होतं, बाई, तुझ्या घरी पातेल्याला झाकण आहे का?

मैदानाबाहेरच्या पिवळ्या बूथवरून मी ट्रंक बुकिंगचा नंबर फिरवला. दुसऱ्याच बाईंनी उचलला. मी आईचं नाव सांगितलं, त्यांनी “अगं, तुझी पोरगी,” म्हणून हाक मारली, आणि आईचा तो गोड आवाज आला.

“बोला.”

“आई, मी.”

“ड्युटीवर खासगी बोलता येत नाही. कितवी?”

“दुसरी.”

“स्टार्ट?”

“पहिली! सगळ्यांच्या आधी. दोन्ही वेळा.”

 मग ती म्हणाली, “होल्ड करा,” आणि मला लांबून ऐकू आलं, ती बाकीच्यांना सांगत होती. आठ बायकांचा एकदम गलका झाला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, खुर्ची सरकली. बूथवाला मीटरकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होता. लोकल कॉलला इतका वेळ कुणी नुसतं उभं राहत नसे.

बोर्ड त्यानंतर दोन महिन्यांनी बंद झाला. आईला चौकशी विभागात टाकलं, तिथं संगणक आले होते. पहिले काही महिने ती घरी येऊन परत डबे लावत बसायची. तिचा हात जायचा आणि संगणक जायचा नाही. एकच बटण ती तीनदा दाबायची, मग तीन खिडक्या उघडायच्या, मग साहेब यायचे. मी तोवर बारावीत गेले होते आणि एका संगणक क्लासलाही जायला लागले होते. अख्खं पुणंच तेव्हा जात होतं. रविवारी तिला क्लासमध्ये नेऊन मी शिकवायचे. “आई, दाबलं की थांब. ते वाळूचं घड्याळ दिसतंय ना, तोपर्यंत हात मांडीवर.” ती हात मांडीवर ठेवायची आणि त्या वाळूच्या घड्याळाकडे असं बघायची, जसे सर माझ्याकडे बघायचे.

एका संध्याकाळी पांढरी स्कूटर आमच्या दारात आली. सर विश्रांतवाडीला पहिल्यांदाच आले होते. बाबांनी त्यांना खुर्ची दिली, दुसरी खुर्ची दिली, चहा विचारला, सरबत विचारलं. सर चहा पिऊन मुद्द्यावर आले. “बाई, स्पर्धांना वेळ नोंदवणारी माणसं कमी पडतात. बंदुकीचा धूर दिसला की घड्याळ सुरू करायचं, छाती रेघेवर आली की बंद. रविवारी येता का?”

“मला त्यातलं काय कळतं?”

“धूर दिसेल ना? मग झालं.”

आई गेली आणि वर्षभरात जिल्ह्यातल्या पोरापोरींनी तिची धास्ती घेतली. कारण असं, की हातानं वेळ घेणारा माणूस धूर दिसल्यावर जराशा उशिरानंच घड्याळ दाबतो, आणि तेवढा वेळ धावणाऱ्याला फुकट मिळतो. सगळ्यांना तो हवा असतो. आईकडे तो मिळत नसे. धूर दिसला की तिचा अंगठा गेलेला असायचा. तिच्या लेनला आलेल्या प्रत्येकाची वेळ जास्त निघायची. मुली लेनच्या चिठ्ठ्या काढताना देवाचं नाव घ्यायच्या, की पंचांच्या पांढऱ्या साडीतल्या त्या बाई नकोत. माझी स्वतःची सगळ्यात चांगली शर्यत, कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली, तिच्याच घड्याळावर पडली. शेजारच्या लेनला माझ्या मागून आलेल्या मुलीची वेळ कागदावर माझ्यापेक्षा चांगली आहे. मी घरी भांडले. आई म्हणाली, “तिचं घड्याळ ज्यांच्या हातात होतं त्यांना विचार.”

नंतर मी पळणं सोडलं. सोडलं म्हणजे सुटलं. हडपसरला एका कंपनीत नोकरी लागली, दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, आणि विश्रांतवाडी ते हडपसर ह्या प्रवासातच सगळा दम संपायचा. आई मात्र रविवारी मैदानावर जात राहिली. सर गुडघ्यांमुळे यायचे थांबले, तरी ती जायची.

एकदा तिला आणायला मी स्कूटरवर गेले होते. मुलींची शंभर मीटरची अंतिम फेरी नुकतीच झाली होती. एक मुलगी, कॉलेजातली, चांगल्या बुटांतली, आईच्या पुढ्यात उभी होती आणि रडवेल्या सुरात इंग्रजी-मराठी एकत्र बोलत होती.

“मॅडम, हे टायमिंग पॉसिबलच नाही. लास्ट वीक मी हाफ सेकंद फास्ट होते. तुमचं स्टॉपवॉच चेक करा ना प्लीज.”

आईनं चष्मा नाकावर ओढला, घड्याळ पाहिलं, कागदावरचा आकडा पाहिला, आणि मग त्या मुलीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“घड्याळ बरोबर आहे, बाळ,” ती म्हणाली. “तू निघताना ताडकन उभी राहतेस. उद्या येताना ओढणी घेऊन ये.”

“उद्या? उद्या तर सोमवार आहे.”

“हो. सव्वासहाला ये. साडेसहाला उशीर होतो.”

आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं मला विचारलं, की सोमवारी मला ऑफिसला थोडं उशिरा गेलं तर चालेल का, कारण ओढणीचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागेल.